एल्मर स्कोगनचा दिवस
आमच्या लिंडल गावाने कुणाचं कौतुक करायचं मनावर घेतलं की त्याला कसलंच भान राहत नाही. ऑगस्टमध्ये ‘एल्मर स्कोगनचा दिवस’ साजरा करायचं ठरलं तेव्हा मी तेवढा टाळी न वाजवता बसून राहिलो. गावाला वाटलं, याला हेवा वाटतोय. हेवा मला होताच, पण तो जुना आणि अंगवळणी पडलेला होता. भीती निराळीच होती.

आमच्या बेसबॉल संघात एल्मर सेंटर फील्डला, म्हणजे मैदानाच्या पार मागे मधोमध, आणि मी त्याच्या शेजारी लेफ्ट फील्डला. लग्न झाल्यापासून बायकोइतकाच वेळ मी या माणसाच्या शेजारी उभा राहून काढलाय, आणि बडबड त्याचीच जास्त ऐकलीय. त्याचा बाप गायी पाळायचा. धारा काढून पोरगं तसंच शेणाच्या बुटांनी मैदानावर आलं आणि पहिल्याच दिवशी असे झेल घेतले की संघाने त्याला घरी जाऊच दिलं नाही. पुढे मोठ्या लीगने एका उन्हाळ्यापुरतं बोलावलं. तिथे गुडघा दुखावला आणि स्वारी परत आमच्या खटारा बसमध्ये, लिव्हर सॉसेजचं सँडविच खात, जणू मधे काही घडलंच नाही. त्या बसमधल्या वासाचीसुद्धा मला अजून आठवण येते. म्हातारपणी माणूस कशाकशासाठी झुरेल, सांगता येत नाही.

एल्मरची खरी करामत कानात होती. फलंदाजाने चेंडू मारला की आम्ही बाकीचे वर बघायचो. तो आवाज ऐकायचा. कोरडा, खणखणीत आवाज आला की पाठ फिरवून कुंपणाकडे धावत सुटायचा. दबका आला की पुढे. चेंडू कुठे आहे ते तो नंतर बघायचा, आणि तोवर चेंडूच्या आधी तिथे पोचलेला असायचा. बघून पळणारा उशिरा पोचतो, असं मला तो कायम ऐकवायचा. मी कायम उशिराच पोचायचो, त्यामुळे उलट बोलायची सोय नव्हती.

त्या वर्षी वसंतात, बसमध्ये सगळे घोरत असताना, त्याने माझ्या कानाशी येऊन सांगितलं की डाव्या डोळ्यावर पडदा आलाय. स्वतः डावखुरा फलंदाज असल्यामुळे बॅटिंगला उजवा डोळा पुढे यायचा, म्हणून ते कसंबसं निभत होतं. पण लांब उभं राहून, एकाच डोळ्याने, बॅटवरून सुटलेला चेंडू किती लांब जाणार ते त्याला उमगतच नव्हतं. आभाळात चढला की उमगायचं. मधला वेळ निव्वळ कानावर.

आमचा मॅनेजर क्रूगर तसा भला माणूस, पण हे कळतं तर त्याने एल्मरला त्याच दिवशी बाकावर बसवलं असतं. मी म्हटलं, “क्रूगरला सांगून टाक.”

“सांगतो ना. सप्टेंबरात. एवढा सीझन पुरा खेळून स्वतःच्या पायाने जाऊ दे मला, रे. मधूनच उठवलेला माणूस घरी जाऊन काय करणार?”

मी तोंड शिवून घेतलं. मे, जून, जुलै निभले. आणि मग गावाला प्रेमाचं भरतं आलं.

सामन्याआधी सत्कार झाला. डुलती खुर्ची, भलंमोठं हॅम, एक जिवंत डुक्कर, आणि त्याची बायको गस्टी हिला फुलांची टोपी. डुकराने पाद्रीबाबांचं भाषण चालू असतानाच पळ काढला. एवढं शहाणं त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं. इथवर ठीक होतं. पण डेअरीवाल्यांनी गायींच्या गळ्यातल्या घंटा टोपल्या भरभरून आणल्या होत्या. एल्मर मैदानात उतरला आणि सगळं गाव त्या वाजवायला लागलं, ते थांबेचना. पिचरने हात उचलला की खणखणाट, चेंडू टाकला की आणखी जोरात. दुसऱ्या डावात मी त्याच्याजवळ गेलो. तो कानामागे हात धरून उभा होता.

“घंटा बंद करायला सांगू का?”

“आणि कारण काय सांगशील?”

मी जागेवर परतलो. बराच वेळ नशिबाने साथ दिली, त्याच्याकडे काही आलंच नाही. आठव्या डावात, पाहुण्यांचे दोन गडी बाद झाल्यावर, त्यांच्या एका दांडग्याने चेंडू हाणला. मी ओरडलो, “मागे, मागे!” पण माझं मलाच ऐकू आलं नाही. एल्मर नुसत्या अंदाजाने पुढे धावला. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला आणि मागे कुंपणाशी पडला. मी धावत जाऊन तो फेकेपर्यंत त्यांची धाव झाली होती.

घंटा बंद पडल्या. एल्मर स्कोगन चुकीच्या दिशेला धावला, हे गावाने जन्मात पाहिलं नव्हतं. लोकांना वाटलं, आपणच अति कौतुक करून त्याला बावरवलं. कुणी खोकेना. क्रूगर त्याला बाहेर बोलवायला बाकावरून उठून पायरीवर आला. एल्मरने लांबूनच त्याला हात केला, एक चेंडू थांबा म्हणून. क्रूगर थांबला.

पुढच्या फलंदाजाने पहिलाच चेंडू मारला, आणि त्या शांततेत तो कोरडा आवाज मलासुद्धा स्वच्छ ऐकू आला. मी वर बघितलं. एल्मर तोवर पाठ फिरवून सुटला होता. कुंपणाला पाठ टेकवून वळला, हात वर केला आणि चेंडू हातमोज्यात घेतला. तिसरा गडी बाद, पाहुण्यांची पाळी संपली. इतका सुंदर झेल मी परत पाहिला नाही, आणि आता पाहायची इच्छाही नाही.

गाव वेडं झालं. घंटांनी कान किटले. आम्ही दोघं बरोबर परत चाललो होतो. मी आनंदाने त्याच्या कानाशी ओरडलो, की कुणाला काही कळलं नाही, ऊन डोळ्यावर आलं म्हणून सांगू, सप्टेंबरपर्यंत सहज निभेल.

“अरे, मला खेळायचं तर त्यांना गप्प बसावं लागणार,” तो म्हणाला. “असं खेळून काय करू?”

तो सरळ क्रूगरकडे गेला, स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बोट दाखवून काहीतरी बोलला. क्रूगरने टोपी काढली आणि बराच वेळ त्याचा हात हातात धरून ठेवला.

नवव्या, शेवटच्या डावात माझ्या शेजारी दुसराच कुणी उभा होता. मला रडू आवरेना. लेफ्ट फील्डला त्याची सोय असते, तिकडे कुणी बघत नाही. घंटा शेवटपर्यंत वाजत राहिल्या, आणि प्रेक्षकांच्या बाकावर गस्टीच्या शेजारी बसून एल्मर त्या मान डोलावत ऐकत होता.