तिसरी फ्लॉपी

सासरेबुवांच्या जुन्या कॉम्प्युटरशी थोरल्या जावयाने आठवडाभर झटापट केली, पण पडद्यावर एक अक्षर उमटेल तर शपथ! धाकटा जावई मात्र जुन्या सिस्टिमची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, कुठूनशी मिळवून, फ्लॉप्यांवर उतरवूनच आला. दुसरी फ्लॉपी आत जाताच ते धूड गुरगुरायला लागलं.

"वा, जावईबापू!" सासरे म्हणाले. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांत त्याच्या वाट्याला नुसतं 'अहो' आलं होतं.

सगळे चहाला आत गेले, तशी त्याने तिसरी फ्लॉपी उचलली, खिडकीतल्या फुटक्या स्पीकरच्या लोहचुंबकावर चांगली घासून तिच्यातलं सगळं पुसून टाकलं आणि ती साळसूदपणे जागेवर ठेवली.

चहानंतर ती फ्लॉपी आत गेली, करकरली आणि काम तिथेच अडलं. थोरल्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"हात्तिच्या!" धाकटा हसला. "इमेज घरी आहे की. उद्या नवी फ्लॉपी बनवून आणतो."

सासऱ्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे उद्याही येणार? मग जेवायलाच या!" मग ते थोरल्याकडे वळले. "अहो, तुम्ही मात्र उगाच हेलपाटा घालू नका."