कुंभाराच्या परसातली सुरंगी

श्रावण सरला होता, पण पाणी अजून तळ्याचा काठ सोडत नव्हते. हिरवे शेवाळ, हिरवा काठ, हिरव्या काठावर सांडलेले सोनसळी ऊन. त्या हरितसुवर्ण, जलभारल्या दुपारी एकच गोष्ट रोगट पिवळी पडत होती. ते लवू कुंभाराच्या परसातले सुरंगीचे वीतभर रोप.

बी वासंतीने रुजवले होते. जन्मभर पहाटेच्या धुक्यात सुरंगीच्या फुलांचे वळेसार, गजरे गुंफणारी, गंधवेडी, हसरी वासंती, लवूची बायको. वैशाखात ती गेली, रोप मागे राहिले. आषाढात लवूने ते परसातल्या चिकणमातीत खड्डा खणून लावले. सुरंगी जगली तर वासंती घरात आहे, एवढेच त्याने मनाशी धरले होते.

एक पान पिवळे पडले, त्याने पाणी घातले. दुसरे पडले, आणखी घातले. पाऊस उघडला की कळशी, ऊन तापले की कळशी. मग लेक शेवंती माहेरपणाला आली. तिने रोपाभोवतीची माती उपसली, तर खाली डबके. कुजका वास आला आणि काळी, गिळगिळीत मुळे हाताला लागली.

"ह्यो खड्डो नाय ओ बाबा," ती हळूच म्हणाली. "ह्यां मडकां झालां."

लवूने वाकून पाहिले. खड्ड्याच्या भिंती गोल होत्या, गुळगुळीत होत्या, आणि त्यांवर त्याचीच बोटे उमटली होती. खणताना, जन्माच्या सवयीने, त्याने आतून ओला हात फिरवला होता. थापटून थापटून माती अशी घट्ट केली होती की थेंब झिरपू नये. त्याला स्वतःच्या हातांकडे बघवेना.

"मियांच बुडयलंय तिका," तो म्हणाला.

शेवंतीने रोप सोडवले. काळ्या जुडग्यात एकच मूळ पांढरे होते, दोऱ्याएवढे. तिने बाजूला वाळू मिसळून मातीचा उंचवटा रचला आणि रोप त्यावर लावले.

तेव्हा लवूने कुदळ उचलली. वासंतीच्या चितेभोवती फिरताना त्याच्या खांद्यावर होते ते मडके त्यानेच घडवलेले. ते त्याने न थांबता फोडले होते. आता कुदळ उगारून तो थांबला. मग खड्ड्याच्या तळ्याकडच्या, उताराच्या बाजूला त्याने घाव घातला. भिंत फुटली. कोंडलेले, गढूळ, जडावलेले पाणी संथ धारेने वाट काढीत निघाले. उतरत गेले, उतरत गेले, आणि अगदी शेवटी तळाशी उघडा पडला, मायेने दाबून बसवलेल्या त्याच्याच तळहाताचा ठसा.