डोळेउघडणीचा डबा

मळ्यावर मजुरांना दारू वाटू नये, असा सरकारी कागद तुम्ही काढलात, साहेब. मग एकदा तरी पहाटे ब्रीड नदीच्या खोऱ्यात, द्राक्षांच्या ओळींत येऊन पाहिलंत का? नाही आलात. त्या मळ्यांची वाईन मात्र तुमच्या टेबलावर न चुकता येते.

आमच्या मळ्यावर 'दारू' हा शब्दच कुणी काढत नाही. मुकादम खेर्ट वाईनचं पिंप आणतो आणि लाडानं हाका मारतो. पहाटे, "चला, डोळेउघडणी!" न्याहारीला, "कंबर सरळ करा रे!" दुपारी, "घसा ओला करा!" सुट्टी होताना, "घ्या, पाय घराकडे वळवा!" तारेच्या कडीचा एकच डबा ओळीनं फिरतो.

आमच्या ओळीतली ड्रीका पाच महिन्यांची पोटुशी होती. तिची पहिली मुलगी लेंटी सहा वर्षांची, अजून बोलत नाही. दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली होती, "ही पोटात असताना तू प्यायलीस, ते हिनंही प्यायलं. या खेपेला थेंब नको."

दुसऱ्या पहाटे ड्रीकानं डबा तसाच पुढे सरकवला.

खेर्ट हसला. "मालकाच्या हातचं नको? मग कामही नको म्हण. काम नाही तर खोली नाही, ठाऊक आहे ना?"

नवरा फ्लोर्स पुढे झाला. "दादा, तिचा मी घेतो. डबा रिकामा झाल्याशी मतलब ना?"

"बघा रे, काय जीव आहे गड्याचा बायकोवर!" सगळी ओळ हसली.

तेव्हापासून फ्लोर्स दिवसाला चाराचे आठ डबे रिचवू लागला.

"फ्लोर्स, हात कापतात रे तुझे."

"कापू देत. पोर धड येऊ दे."

तोडणीच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारच्या डब्यानंतर तो ट्रॉलीवर पेट्या रचत होता. ट्रॉली हलली, त्याचा तोल गेला. चाक छातीवरून गेलं. मळ्यानं लिहून दिलं: मजूर नशेत होता.

माती देऊन आलो, तर खेर्ट ड्रीकाच्या दारात डबा घेऊन उभा. "घे वहिनी, दुःख उतरेल. सोमवारी ओळीत ये. आता तुझा डबा प्यायला दुसरं कोणी नाही."

आम्ही शेजारी भिंतीला टेकून बघत होतो. आमचेही डबे त्याच पिंपातले.

ड्रीकानं डबा हातात घेतलाय, साहेब. खाली ठेवला तर लेंटीच्या डोक्यावरचं छप्पर जातं, तोंडाला लावला तर पोटातलं जातं. कागद तुमचा आहे. तिनं काय करायचं? सोमवारच्या आत सांगा.