चार बटणं

नटाला एक वाईट खोड असते. त्याला माणूस दिसत नाही, माणसाच्या लकबी दिसतात. हे शहाणपण मी आज सांगतोय. त्या हिवाळ्यात मला ही खोड म्हणजे माझं मोठं भांडवल वाटत होतं.

आमची नाटक मंडळी दौऱ्यावर होती. त्या बर्फाळ गावात पाच प्रयोग होते, आणि गावातली एकुलती एक लॉज थंडीनं नळ फुटल्यामुळे बंद. मग नाट्यगृहाच्या लोकांनी आम्हाला घरोघरी वाटून टाकलं. नायिकेला डॉक्टरांचं घर मिळालं आणि मला, म्हणजे दोन प्रवेश आणि अकरा वाक्यांच्या सासऱ्याला, बॉयलरवाल्यांचं. ते इस्पितळाचा बॉयलर सांभाळायचे. घरात ते, त्यांची बायको आणि सात वर्षांची मुलगी. मुलीला सगळे चिमणीच म्हणायचे. पहिल्याच संध्याकाळी मी त्या दोघांना दादा-वहिनी करून टाकलं आणि त्यांनी मला नटसाहेब केलं.

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढंच घर. स्वयंपाकघराला लागून असलेली उबदार खोली त्यांनी मला दिली. पलंग चिमणीचा, त्यामुळे माझे पाय बाहेर लोंबायचे. वहिनी माझे मोजे हीटरवर गरम करून ठेवायच्या. दादा माझ्या ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, सकाळपर्यंत बूट कोरडे व्हावेत म्हणून. माझ्या सख्ख्या भावाच्या घरीसुद्धा माझी इतकी सरबराई कधी झाली नव्हती. हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजईतूनच दादांना कामावर निघताना पाहिलं. डोक्यावर टोपी, गळ्यात मफलर, काखेत डबा. ते गॅसच्या शेगडीपुढे उभे राहिले. चारही बटणांना एकेक बोट लावलं. "बंद. बंद. बंद. बंद." मग प्रत्येक बर्नरवर तळहात धरला, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर धरावा तसा. बाहेर गेले, दार ओढून घेतलं, सहा पायऱ्या उतरले. आणि तेच पाय पुन्हा वर आले. दार उघडलं, शेगडी, बोटं, चार वेळा बंद. असं तीनदा. मी उशीत तोंड खुपसून हसलो.

वहिनी हसल्या नाहीत. त्या भांडी घासत होत्या आणि त्यांच्या लांब बाह्या पार भिजल्या होत्या.

"बाह्या तरी वर करा, वहिनी," मी म्हणालो.

"राहू दे हो, सवय झालीय," त्या म्हणाल्या.

डोळ्यांत तेल घालून माणसं बघणाऱ्या या नटाचं तेवढ्यावर समाधान झालं.

आता माझ्या सासऱ्याविषयी. दुसऱ्या प्रवेशात तो गाडी पकडायला घरातून निघतो आणि नाटकातून जातो. दोन वर्षांत त्याच्या जाण्याची कुणी दखल घेतली नव्हती. त्या संध्याकाळी निघता निघता माझा हात आपोआप सेटवरच्या खोट्या शेगडीकडे गेला. पहिल्या "बंद"ला खसखस पिकली, चौथ्याला हशा झाला, आणि मी दारातून परत आलो तेव्हा लोकांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं.

"कुठून आणलंस रे हे?" दिग्दर्शकानं विचारलं.

"सुचलं," मी म्हणालो.

मग काय, माकडाच्या हाती कोलीत. मी रोज सकाळी मुद्दाम उठून स्वयंपाकघरात बसायला लागलो. तिसऱ्यांदा परत येताना दादा खालचा ओठ चावतात, डबा या काखेतून त्या काखेत घेतात, सगळं टिपून ठेवलं आणि रोज एकेक वाढवत गेलो.

"एवढ्या थंडीत कशाला उठता हो?" दादांनी विचारलं.

"तुम्हाला निरोप द्यायला," मी म्हणालो.

केवढे खूश झाले! त्या दिवशी त्यांनी चिमणीला मुद्दाम सांगितलं, "बघ, नटसाहेब माझ्यासाठी उठतात."

शेवटचा प्रयोग रविवारी दुपारी होता. त्याचे तीन पास मी पहिल्याच दिवशी, काही चोरण्याच्या आधी, त्यांना देऊन बसलो होतो. दादांची रविवारी पाळी होती, म्हणून मी निर्धास्त. शनिवारी ते म्हणाले, "पाळी बदलून घेतली. तुमचं काम बघायचंच आहे."

मी ठरवलं, उद्या शेगडीकडे फिरकायचं नाही. अगदी पक्कं ठरवलं.

तिघं तिसऱ्या रांगेत बसले होते. दादांनी केस पाण्यानं चापून बसवले होते. त्या दुपारी प्रेक्षक थोडे आणि गारठलेले. पहिला अंक सपशेल पडला. माझी निघायची वेळ आली. विंगेतून दिग्दर्शकानं चार बोटं दाखवली. टाळ्यांची चटक दारूपेक्षा वाईट. मी पहिल्या बटणाला बोट लावलं.

हशा झालाच. आणि मग चिमणीचा खणखणीत आवाज आला, "आई, बघ! काका बाबा झालेत!"

आजूबाजूच्या लोकांनी माना वळवून दादांकडे पाहिलं आणि नाट्यगृह दुप्पट हसलं. दादाही हसत होते. गर्दीत कुणी पायावर पाय दिला तरी आपण हसून "असू दे" म्हणतो, तसं. वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी दादांचा हात घट्ट धरला होता आणि त्यांची स्वतःची बाही वर सरकली होती. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आक्रसलेली, चकचकीत. भाजल्याची खूण दुसऱ्या कशासारखी दिसत नाही.

मला तिथंच, खोट्या शेगडीवर हात ठेवून, सगळं कळलं. तिसऱ्यांदा परत यायचं अजून बाकी होतं. मी आलो. ओठसुद्धा चावला. बाकी कशाचंही समर्थन करता येईल, याचं येत नाही.

संध्याकाळी दादा दारातला बर्फ काढत होते तेव्हा वहिनींनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी दादा पहाटेच्या पाळीला गेले आणि एक बटण चालू राहिलं. भांडं जळलं, पडदा पेटला. चिमणी आत झोपलेली.

"तिला बाहेर काढताना एवढंच माझ्या हाताला लागलं," वहिनी म्हणाल्या. "पण यांचं मन काही निघालं नाही त्यातून. तुम्हाला ते काही बोलायचे नाहीत. पाहुणे आहात."

त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. दादा फावडं ठेवून आत आले, हात चोळत म्हणाले, "हुबेहूब केलंत, नटसाहेब." तीस वर्षं मी या शब्दासाठी झिजलो. मिळाला तेव्हा मान वर करवली नाही.

सकाळी निघालो. माझी बॅग दादांनीच उचलली. शेगडीसमोरून गेले, थांबले नाहीत. दार ओढलं, सहा पायऱ्या उतरले. सहावीवर पाऊल जरा अडखळलं, पण वळले नाहीत.

बसच्या थांब्यावर मी म्हणालो, "दादा, चुकलं माझं. फार चुकलं."

"छे हो. तुमचं कामच आहे ते."

गाडीचा पत्ता नव्हता. दादा रस्त्याकडे कमी आणि घराच्या कोपऱ्याकडे जास्त बघत होते. खिशातली बोटं हलत होती. मोजत असावेत.

"जाऊन बघून या ना," मी म्हणालो. "मी इथंच आहे."

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मग मी बघून येतो."

"नको, नको." बुटानं बर्फ उकरत, माझ्याकडे न बघता ते हळूच म्हणाले, "तुमची गाडी निघू द्या आधी."

गाडी बारा मिनिटं उशिरा आली. ती बारा मिनिटं आम्ही शेजारी शेजारी उभे होतो. त्यांनी बॅग वर चढवून दिली, हात हलवला. मी धावत मागच्या सीटवर गेलो, काचेवरची वाफ पुसली. ते हात वर करून तसेच उभे होते. वळणावर गाडी तिरकी झाली तेव्हा पुन्हा दिसले. टोपी हातात धरून, बर्फावर घसरत, दादा घराकडे पळत सुटले होते.