भाडेकरू

आग लागली तेव्हा धाकटी अंगणात कपडे वाळत घालत होती. धूर आधी वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराच्या खिडकीतून आला, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिथल्या गीझरला कितीतरी दिवस करपल्यासारखा वास येत होता. "दादा, वायर बदलून घे," असं तिच्या नवऱ्यानं थोरल्या भावाला सांगितलंही होतं. "बघू," दादा म्हणाला होता.

वर दादा आणि मोठी जाऊ, खाली हे दोघं. वडील गेल्यावर घर एकट्या दादाच्या नावावर झालं. दोन नावं म्हणजे दोन सह्या आणि दुप्पट कटकटी, असं दादाचं म्हणणं. धाकट्याला त्यात वावगं काही वाटलं नाही. तो सोफे शिवायचा. पुढच्या खोलीत मशिन, फोमच्या गाद्या, रेक्झिनचे तागे आणि फोम चिकटवायच्या सोल्यूशनचे डबे. घराच्या विम्याचा अर्धा हप्ता तो दर वर्षी दादाच्या हातात ठेवायचा आणि घर सुरक्षित आहे म्हणून निवांत असायचा.

आग वरून खाली आली आणि फोमपर्यंत पोहोचल्यावर मग विचारायलाच नको. सगळे अंगणात धावले. दादानं खिशातून किल्ली काढून धाकट्याकडे फेकली.

"गाडी! आधी गाडी काढ!"

पोर्चवर प्लॅस्टिकचं छत होतं. ते पेटून वितळत होतं. धाकट्यानं गाडी बाहेर काढली, पण त्याआधी त्याला फाटक उघडावं लागलं आणि कडी अडकली होती. तो दोन्ही हातांनी कडी ओढत राहिला आणि वरून जळतं प्लॅस्टिक त्याच्या हातांवर गळत राहिलं. गाडी रस्त्यावर लावून तो परत वळला, तोवर त्याची माल पोचवायची व्हॅन पेटली होती.

दवाखान्यात दादा भेटायला आला. धाकट्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. दादा स्टुलावर बसला आणि म्हणाला, "गाडीला पूर्ण विमा होता रे. जळाली असती तर चांगली रक्कम आली असती. आता नुसता रंग पोळलाय. त्याचं काय देणार ते?"

धाकट्याला ती थट्टा वाटली. तो हसला.

"आणि माझी व्हॅन?"

"तिला थर्ड पार्टी होता ना? व्हॅननं दुसऱ्याचं काही मोडलं असतं तर कंपनीनं भरून दिलं असतं. स्वतः जळाली तर काही नाही."

"तूच म्हणालास, जुन्या गाडीला एवढा पुरे."

"मग काय चुकीचं बोललो? तेव्हा पुरेच होता."

विमा कंपनीचा सर्व्हेअर मोठा गोड माणूस होता. काळ्या पडलेल्या भिंतींमधून तो पायजमा सांभाळावा तशी पॅन्ट वर धरून फिरला, फोटो काढले, धाकटीची विचारपूस केली. मग दादाला अंगणात बाजूला घेऊन त्यानं अडचण समजावली. विमा राहत्या घराचा. घरात धंदा चालतो, ज्वलनशील माल साठवला जातो, हे कंपनीला कधी कळवलेलं नाही. कंपनी दावा सरळ फेटाळू शकते.

"हां, आता असं असतं," सर्व्हेअर म्हणाला, "की खालचा मजला भाड्यानं दिलाय आणि भाडेकरूनं तुमच्या अपरोक्ष माल ठेवला, तर तुमचा दोष नाही. पण मी आपलं नियम सांगतोय. जे खरं असेल तेच लिहा."

त्याच संध्याकाळी दादा टाइप केलेला कागद घेऊन दवाखान्यात आला. धाकटीनं तो वाचला. आपण खालच्या मजल्याचे भाडेकरू आहोत, घरमालकाला न सांगता सोल्यूशन साठवलं, आणि आपल्या निष्काळजीपणामुळे तिथूनच आग लागली, असं त्यात नवऱ्याच्या तोंडी घातलेलं होतं.

"भाऊजी, आग वर लागली. मी पाहिलंय."

"तुला कोणी सांगतंय का खोटं बोल म्हणून?" दादा शांतपणे म्हणाला. "कागदाची गोष्ट आहे. कंपनीकडून पैसे आले की घर उभं राहील. घर काय माझ्या एकट्याचं आहे?"

"मग भाडेकरू कशाला लिहिलं?"

"नाही लिहिलं तर कुणालाच दमडी मिळणार नाही. बसा मग राखेत."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "अगं, दादा आहे तो." सही करायला बोटं मोकळी नव्हती. डाव्या अंगठ्याचं टोक तेवढं पट्टीबाहेर होतं. दादानं स्वतः शाई लावली, अंगठा कागदावर दाबला आणि धाकटा कळवळला तेव्हा म्हणाला, "झालं, झालं. एवढंसं तर होतं."

पैसे आले. तोवर धाकटा आणि धाकटी एका भाड्याच्या खोलीत राहत होते, आणि घर बांधून झालं की परत जायचं, असं धरून चालले होते. घर बांधून झालं. खालच्या मजल्यावर दादानं पोर्च मोठा केला आणि उरलेली जागा एका औषधाच्या दुकानाला दिली.

"दुकानाचं भाडं येईल, त्यातून तुझं बघू," दादा म्हणाला.

धाकटीनं आरडाओरडा केला. धाकट्यानं तिलाच गप्प केलं. त्याची बोटं आखडली होती, सुई धरता येत नव्हती. एक जुनी मशिन घेऊन आता ती शिवायची आणि तो शेजारी बसून कुठं टाके सैल पडले ते सांगायचा.

मग कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. कंपनीनं घरमालकाला भरपाई दिली आहे, आणि आग भाडेकरूच्या निष्काळजीपणामुळे लागल्याचं भाडेकरूनंच मान्य केलं आहे. तेव्हा ती रक्कम कंपनी आता भाडेकरूकडून वसूल करणार. धाकट्यानं नोटीस बायकोकडून परत परत वाचून घेतली. कुठंतरी गफलत झालीय, असं तो म्हणत राहिला. मग दोघं दादाकडे गेले.

नव्या सोफ्यावर बसून दादानं नोटीस वाचली, घडी घालून परत दिली.

"हा तुझा आणि कंपनीचा मामला. मी मध्ये पडलो तर माझ्यावरच शेकेल."

"दादा, तू म्हणालास कागदाची गोष्ट आहे."

"मग? ही पण कागदाचीच गोष्ट आहे."

मोठी जाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला बिचारीला खरंच वाईट वाटलं असावं. ती म्हणाली, "यांनी सर्व्हेअरला तेव्हाच विचारलं होतं, की भावाकडे मागतील का. तो म्हणाला, मागतील, पण तुमच्याकडे नाही मागणार."

दादानं तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती आत गेली.

धाकटीनं एक वकील गाठला. तो म्हणाला, आग वरून लागली हे आता कशावरून दाखवणार? भिंती पाडल्या, वायरी भंगारात गेल्या. आणि कागद खोटा होता म्हणालात, तर खोटं लिहून दिल्याचं तुम्हीच कबूल करताय. भावाचं जे व्हायचं ते होईल, पण आधी तुमचं होईल. त्यानं मध्यस्थी करून रक्कम थोडी कमी करून घेतली आणि हप्ते बांधून दिले. धाकटीनं मशिन विकली. आता ती दुसऱ्याच्या कारखान्यात शिवते. धाकट्याला तिथंच गाद्या झटकायचं काम मिळालं.

एका सुट्टीच्या दिवशी त्यांच्या खोलीवर एक विमा एजंट आला. हसतमुख, बोलका.

"तुमच्या दादांनी पाठवलं. म्हणाले, भाऊ पोळलाय, त्याला नीट समजावून सांगा."

त्यानं समजावलं. घरमालकाचा विमा घरमालकापुरता. भाडेकरूला स्वतःचा वेगळा घेता येतो. भाडेकरूच्या हातून घराचं नुकसान झालं तर ती जबाबदारी कंपनी उचलते. हप्ताही फार नाही. "हा असता ना, तर तुमच्या खिशाला धक्का लागला नसता," तो म्हणाला.

धाकटी चहा ठेवायला उठली होती, ती तशीच भिंतीला टेकून उभी राहिली. धाकटा मात्र मन लावून ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, "हा मागच्या तारखेपासून देता येईल का?"

एजंटाला तो विनोद वाटला. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. जाता जाता जिन्यातूनच त्यानं दादाला फोन लावला आणि तो सांगितला. फोनमधलं दादाचं हसणं खोलीपर्यंत ऐकू आलं.