पितळी पायाचा गडी

या हो, जरा आत सरका. दारातल्यांनी चपला बाजूला केल्या तर आणखी दोघांना जागा होईल. आज देवादिकांची कथा नाही. तळेगावच्या एका लेकीची सांगतो, आणि वीतभर उंचीच्या एका गड्याची. कडू आहे, आधीच सांगून ठेवतो. पण कारलं कडू म्हणून आपण उकिरड्यावर टाकत नाही, पानात वाढतोच. तसं हे घ्या.

तळेगाव श्यामजी पंतला खुशालरावांची दोन एकरांची बागायत. वांगी, कोथिंबीर, चवळी. सकाळी भाजी बाजारात आणि एकादशीला टाळ हातात, असा माणूस. कीर्तनात बुवांच्या मागे उभा राहिला की त्याचा टाळ कधी पुढे पळायचा नाही, मागे रेंगाळायचा नाही. घरात बायको मंदाबाई आणि एकुलती एक गुंजन.

गुंजन आर्वीला कॉलेजात जायला लागली आणि तिला एक नवलाचा नाद लागला. मोबाइलवर जपानी कार्टून पाहायची. त्यात घराएवढे लढाऊ यंत्रमानव, आत माणूस बसून चालवतो. त्यांचे वीतभर नमुने डब्यात सुटे मिळतात. प्लास्टिकच्या चौकटींना शेकडो तुकडे देठाला शेंगा लागाव्यात तसे लागलेले. ते कातरीनं तोडायचे, देठाची खूण घासून काढायची आणि एकात एक बसवायचे. गोंद लागत नाही. आधी आतले सांधे, मग वरून चिलखत. झाला की हात वळतो, मान वळते, गुडघा वाकतो.

"लगनाच्या वयात पोट्टी बाहुल्या खेळून राह्यली," मंदाबाई म्हणायची.

"बाहुली नाई आई, मशीन हाय."

"मशीन हाय तं विहिरीतलं पानी काढून दे म्हना."

खुशालराव मात्र टाळ पुसता पुसता हसायचा आणि त्याला 'गडी' म्हणायचा. "गडी जेवला का वं?" हे रोजचं.

होळीच्या सुमारास गुंजनचा डावा गुडघा दुखू लागला. बसमध्ये मुका मार लागला असेल म्हणून महिनाभर तेल चोळलं. मग सावंगीच्या दवाखान्यात फोटो काढला तेव्हा हाडाचा कॅन्सर निघाला. चैत्रात पाय मांडीपासून काढला.

घरी आली त्या दिवशी तिनं खाटेवर बसून गड्याचा डावा पाय खुब्यातून उपटला.

"याचाही काढला," ती म्हणाली. "आता आमचं जमंन."

खुशालराव उठून वावरात गेला. जेवायला आला नाही. दुसऱ्या दिवशी आला तो जुन्या फवारणी पंपाची पितळी नळी घेऊन. तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "प्लास्टिकचा नाई, असा बनव का मोडनार नाई."

तिथून बापलेकीचं काम सुरू झालं. ती वहीत पाय आखायची, तो करवतीनं नळी कापायचा, कानशीनं घासायचा. पंपाच्या नोझलचा वळणारा सांधा होता, त्याचा गुडघा झाला.

"बाबा, कानस पुढंच ढकला. मांगं ओढू नोका."

"मले शिकवते! माही सारी जिनगानी विळे घासन्यात गेली."

"म्हनूनच तं तुमच्या विळ्यानं गवत कटत नाई."

औषधानं तिचे केस गेले, बोटं थरथरू लागली. मग आखणीही तोच करू लागला. ती नुसती सांगायची. पण एका गोष्टीवर तिचा हट्ट होता. गडी त्या एका पितळी पायावर उभा राहिला पाहिजे. दुसरा पाय चालायला निघाल्यासारखा उचललेला, आणि कोणाचं बोट लागलेलं नाही. पितळ जड, बाकीचं अंग हलकं, म्हणून तो धडपडायचा. मासे धरायच्या जाळ्याचं शिसं गड्याच्या उजव्या मुठीत भरलं, थोडं काढलं, पुन्हा भरलं. तरी पडायचाच.

भादव्यात तिला खोकला लागला. दुखणं छातीत उतरलं होतं. पुन्हा सावंगी. मंदाबाई उशाशी राहिली, खुशालराव तळेगाव-सावंगी खेपा घालू लागला. नवरात्रात डॉक्टरांनी त्याला बाजूला नेऊन सांगितलं की आता महिने मोजू नका. तो खाटेपाशी आला. गुंजननं त्याच्याकडे पाहिलं.

"बाबा, तुमी घरी जा. दसऱ्याची पूजा तुमालेच करा लागते. अन् गड्याले उभा करून मले दाखवा."

"तू संगं पायजे त्याले."

"मी नाई येत आता. उभा करा, मंग रंग देऊ. पन रंगाच्या आधी नीट पुसून ठेवजा. तेल, धूळ राह्यली तं रंग धरत नाई."

तो आला. नवमीच्या दुपारी ओसरीत मांडी घालून बसला आणि शिशाचा एक-एक दाणा मुठीत सरकवत गेला. किती वेळ गेला त्याला कळलं नाही. एका क्षणी त्यानं बोट काढलं आणि गडी उभाच. पितळी पायावर, दुसरा पाय हवेत. खुशालरावानं श्वाससुद्धा जपून घेतला. मग त्यानं फोन लावला.

"उभा राह्यला वं! गुंजनले दे."

"ताप हाय तिले, आत्ताच डोया लागला," मंदाबाई म्हणाली. "फोटो काढून ठेवा. तिले मंग दाखवतो."

दुसऱ्या दिवशी दसरा. शेतकऱ्याचा दसरा तुम्हाला माहीत आहे. विळा, कुदळ, पान्हे, फवारणीचा पंप, सगळं ओसरीवर निघतं. वर्षभराचं वंगण, माती, गंज. चिंधी पेट्रोलमध्ये बुडवायची आणि एक-एक हत्यार चकचकीत करायचं. मग हळद, कुंकू, झेंडू. खुशालरावाच्या बापानं असंच केलं, आज्यानं रॉकेलनं केलं. गुंजनची कातर पुसून झाली, छोटी सुरी पुसून झाली. शेवटी गडी हातात आला. पितळी पायावर हाताचं तेल होतं, सांध्यांत घासलेली पूड होती. लेकीनं सांगितलं होतं, नीट पुसून ठेवजा. त्यानं चिंधी पुन्हा बुडवली आणि तिनं सांगितलं होतं त्यापेक्षाही नीट पुसला. खुब्यात, कमरेत, गुडघ्याच्या आत, जिथं बोट जात नव्हतं तिथं काडीला चिंधी गुंडाळून. पितळ सोन्यासारखं झळकलं.

नत्थूजी बुवा सोनं द्यायला आले. सत्तरीचे कीर्तनकार, गुंजनला पाळण्यात पाहिलेले. हत्यारांच्या रांगेत ते थबकले.

"हे कोन्तं शस्त्र म्हनाव बाप्पा?"

"गुंजनचं हाय बुवा."

"मंग याले पैला मान." बुवांनी स्वतः त्याच्या कपाळाला हळदकुंकवाचं बोट लावलं.

खुशालरावानं फोटो पाठवला. संध्याकाळी गुंजनचा आवाज आला, दम लागलेला. "रुबाब तं पाहा त्याचा! उद्या व्हिडिओ कॉल करतो. बोट न लावता हं, बाबा."

एकादशीच्या सकाळी त्यानं देवापुढून गडी उचलला आणि उजवी मांडी त्याच्या तळहातात गळून आली.

त्याला वाटलं, आपल्याकडूनच सुटली असेल. बसवायला गेला तर खुब्यातला सांधा उललेल्या कापसाच्या बोंडासारखा उघडला होता. कमरेला भेग. खांद्याला भेग. अंगावर पांढुरके चट्टे. रात्रभर कोणी हात लावला नव्हता. त्यानं धक्का दिला नव्हता, पाडला नव्हता. तो तुकडे नाकापाशी नेऊन बसला. पेट्रोलचा वास येत होता. दोरीवर कालची चिंधी वाळत होती.

त्यानं गोंद आणून मांडी चिकटवली. धरेना. पुन्हा लावला. तेवढ्यात फोन वाजला.

पडद्यावर गुंजनचा चेहरा, नाकात नळी. मागे मंदाबाईचा पदर.

"दाखवा ना, बाबा."

त्यानं फोन तांब्याला टेकवला. गडी पाटावर ठेवला आणि मागून दोन बोटांनी कमरेत धरला. समोरून दिसणार नाही अशा बेतानं.

"उभा हाय का?"

"उभा हाय माय."

ती बराच वेळ पाहत राहिली. डोळे बारीक करून, जसं ती घासलेला तुकडा उजेडात धरून पाहायची.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "बोट काढा ना."

खुशालरावाच्या कानात टाळ वाजल्यासारखं झालं. "हॅलो? गुंजन? आवाज येते का? नेटवर्क चाल्लं वाटते..." असं म्हणत त्यानं लाल खुणेवर अंगठा दाबला.

नेटवर्कच्या चारही दांड्या भरलेल्या होत्या.

त्यानं मनात ठरवलं, दुपारपर्यंत चिकटवू आणि चारच्या बसनं घेऊन जाऊ. तिच्या हातातच देऊ, समोरासमोर सांगू. फोन आला तर उचलायचा नाही. फोन आला साडेतीनला, आणि वाजायचा थांबेना. तो सावंगीला पोचला तेव्हा गुंजनवर चादर ओढली होती. त्याच्या सदऱ्याच्या खिशात गडी होता. अर्धा ओला, गोंदानं खिशाला चिकटलेला.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर मंदाबाई भिंतीला टेकून बसली. एकादशीपासून ती नवऱ्याशी बोलली नव्हती.

"फोन काऊन कापला तुमी?"

त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला.

"मले वाटलं, तिचं तोंड पाहाले तुमाले जड जात होतं. पोरगी बोलून राह्यली अन् तुमी फोन कापता. लई राग आला मले."

खुशालरावानं खिशातून तुकडे काढून तिच्यापुढे ठेवले. चिंधी, पेट्रोल, मागची दोन बोटं, सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही, उतरला नाही. मंदाबाईनं त्यातला पितळी पाय उचलून हातात घेतला.

"तिले समजलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुमी फोन ठेवला अन् ते हासली. म्हने, आई, बाबानं पेट्रोलनं पुसला असंन. मीच सांगाले भुलली, साबनाच्या पान्यानं पुसा म्हनून. त्याचे सांधे पेट्रोलनं फाटते. बाबाले म्हनजो, पितळेचा पाय काई फाटत नाई. तो हाय."

"अन् मंग?"

"मंग खोकली. मंग पानी मांगलं."

तो उठून गोठ्यामागे गेला. त्याचा आवाज शेजारच्या तिसऱ्या घरापर्यंत ऐकू गेला, असं लोक सांगतात.

दहाव्या दिवशी तो नत्थूजी बुवांकडे गेला. "बुवा, गडी मोडला होता, अन् लेकीशी शेवटचं बोललो ते खोटं बोललो. तिनं बोट काढा म्हनलं, अन् मी नेटवर्क गेलं म्हनलं."

बुवांपाशी प्रत्येक दुःखावर एक ओवी असायची. त्या दिवशी मात्र मांडीवरचं उपरणं त्यांनी घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं.

"गडी दुरुस्त व्हते का?" त्यांनी एवढंच विचारलं.

पितळी नळीचा अर्धा तुकडा उरला होता. खुशालरावानं गुंजनची वही उघडली. डाव्या पायाची आखणी होती, ती काचेवर उलटी धरून उजव्याची केली. कानस पुढंच ढकलली, मागे ओढली नाही. कमरेतला सांधा सायकलच्या घंटीतून काढला. खांद्याला तांब्याची तार. देखणं काही झालं नाही. चिलखताचे चट्टे गेले नाहीत. रंग दिला नाही, कारण कोणता द्यायचा हे ती सांगून गेली नव्हती.

तेरवीच्या सकाळी फोटोसमोर पाट मांडला. आत सैपाकाची गडबड, बाहेर पंगतीच्या सतरंज्या. खुशालरावानं गडी पाटावर टेकवला, उजवा पाय उचलला आणि पडला. शिशाचे दोन दाणे काढले. पडला. एक परत घातला. आता तो डावीकडे किंचित कलला, पण तोलात आल्यासारखा वाटला. खुशालरावाची दोन बोटं मात्र कमरेपाशी तशीच राहिली. सुटेनात.

मंदाबाई भाताचं पातेलं घेऊन चालली होती. ती दारात थांबली. पातेलं खाली ठेवलं.

"बोट काढा," ती म्हणाली.

त्यानं काढलं.

गडी उभा राहिला. फोटोतली गुंजन, तिच्यापुढे तो एका पितळी पायावर, दुसरा पाय हवेत. पाहायला ती तेवढी नव्हती. मंदाबाईनं पातेलं उचललं, कारण पंगत बसली होती.

झाली गोष्ट. आता एवढं माझं ऐका. दसऱ्याला तुमची हत्यारं काढाल, विळा असो, पान्हा असो, शिवणाची कातर असो, आणि पुसायला चिंधी हातात घ्याल, तेव्हा घटकाभर थांबा. तळेगावच्या गुंजनचं नाव घ्या. जाता जाता बापाची चूक तिनं आपल्या अंगावर घेतली होती. तेवढी तिची आठवण ठेवा.