चकणं भिंग

वडिलांनी सुरू केलेला फोटो स्टुडिओ दोघं भावंडं चालवत होती. धाकटा पुढच्या खोलीत फोटो काढायचा आणि ताई मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर ते नीट करायची. कुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकी कर, कुणाच्या कॉलरवरचा डाग पूस, कुणाचं टक्कल जरा कमी चमकव. सहा वर्षांपूर्वीपर्यंत गिऱ्हाइकांशी बोलायचं कामही तीच करायची, आणि धाकट्यापेक्षा कितीतरी बरं करायची. मग एका सकाळी चूळ भरताना ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी आपोआप गळालं. तिने आरशात पाहिलं, तर अर्धा चेहरा खाली उतरलेला. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिन्यांत येईल जागेवर. थोडासा आला, बाकीचा तसाच राहिला. त्याच वर्षी तिचं ठरलेलं लग्नही मोडलं.

तेव्हापासून ताई मागच्या खोलीत गेली ती गेलीच. दाराला पडदा लावला. टेबल असं लावून घेतलं, की चुकून कुणी पडदा सारलाच तर त्याला तिची पाठ दिसावी. स्वतःचा फोटो तर तिने त्यानंतर एकही काढू दिला नाही. ओळखपत्राची मुदत संपली तेव्हासुद्धा नाही.

त्या खोलीत न विचारता यायची मुभा फक्त धाकट्याला होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो चहाचे दोन कप घेऊन यायचा, तिच्या टेबलाशेजारी स्टूल ओढायचा आणि खिडकीकडे तोंड करून बसायचा. ताईला चहा पिताना ओठांच्या कोपऱ्याशी रुमाल धरावा लागे. तो मुद्दाम तिच्याकडे न बघता बाहेर बघतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण मनातल्या मनात त्याला शंभर आशीर्वाद दिले होते.

एक दिवस तो जुन्या सामानाच्या बाजारातून बोटभर लांबीची एक काळी नळी घेऊन आला. कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे लावायची. समोरून बघणाऱ्याला वाटावं, लेन्सच आहे. पण समोरची काच नुसती दाखवण्यापुरती होती. खरं भोक बाजूला होतं आणि आत तिरका बसवलेला आरसा. कॅमेरा रोखायचा भिंतीवर, आणि फोटो निघायचा शेजारी बसलेल्या माणसाचा.

"चकणंच आहे की हे," ताई म्हणाली, आणि तेच नाव पडलं.

"गंमत म्हणून आणलं," धाकटा म्हणाला. "याचा उपयोग काय करायचा, देव जाणे."

उपयोग ताईनेच शोधले. त्याच आठवड्यात दीड वर्षाचं एक पोर कॅमेरा दिसला की भोकाड पसरत होतं. पडद्याआडून ताईने भावाला मोबाइलवर निरोप धाडला: 'कॅमेरा आईकडे धर, चकणं पोराकडे फिरव.' आपल्यावर काहीच रोखलेलं नाही म्हटल्यावर पोर गप्प झालं आणि आईचा फोटो निघताना टुकुटुकु बघत राहिलं. दोन मिनिटांत काम झालं. मग एक आजोबा आले. कॅमेरा उचलला की ते श्वास रोखून असे ताठ व्हायचे, जणू कुणी दाढ उपटायला आलंय. ताईने कळवलं: 'आजींचा फोटो काढतोय असं सांग आणि आजोबांचा काढ.' आजी पदर सारखा करत होत्या आणि आजोबा त्यांच्याकडे बघत होते. तेवढ्यात निघालेला तो फोटो दुकानात टांगण्यासारखा होता. पुढे कॅमेऱ्याला बिचकणारे कुत्रे झाले, दात पडके म्हणून तोंड न उघडणारी शाळकरी पोरं झाली, आणि स्वयंपाकघरात काम करताना कुणी बघितलेलं न खपणारा एका हॉटेलचा आचारीसुद्धा झाला.

या भिंगातून चित्र उलटं यायचं, आरशात दिसतं तसं, डावं उजवीकडे. ते सुलटं करणं ताईचं काम. शिवाय तिने पहिल्याच दिवशी भावाला एक नियम घालून दिला होता.

"फोटो काढला की लगेच त्या माणसाला दाखवायचा. नको म्हणाला तर त्याच्या देखत पुसून टाकायचा. नाहीतर ती चोरी झाली."

"बरं बाई," तो म्हणाला होता.

स्टुडिओचं नाव झालं. 'तिथे फोटो काढलेला कळतसुद्धा नाही,' असं लोक एकमेकांना सांगू लागले. ताईला सहा वर्षांत पहिल्यांदा सकाळी कामावर यायची घाई वाटू लागली. दुपारच्या चहाच्या वेळी धाकटा आता कॅमेराही बरोबर आणायचा. समोरच्या गच्चीवरच्या कबुतरांची मालिका करतोय, म्हणायचा. "दाखव की," असं ताई एकदा म्हणाली, तर "अजून मनासारखी जमत नाहीत," म्हणाला.

हिवाळा संपता संपता ज्याच्याशी तिचं लग्न मोडलं होतं तो माणूसच बायको-मुलासह फोटो काढायला आला. हा कुणाचा स्टुडिओ, हे तो विसरला होता की त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं, देव जाणे. ताईने पडद्याआड त्याचा आवाज ओळखला. तो मुलाला "इकडे बघ, सोन्या" म्हणत होता. ते गेल्यावर धाकटा चहा घेऊन आला आणि तिचा बांध फुटला. लग्न मोडल्यावर ती एकदा त्या माणसाच्या घराखाली जाऊन तासभर उभी राहिली होती. त्याने वरून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. ही गोष्ट तिने आईला तिच्या शेवटच्या आजारातही सांगितली नव्हती. त्या दिवशी भावाला सांगितली. तो खिडकीकडे बघत, कॅमेरा हातात धरून नुसता बसून राहिला. आपल्याला मोकळेपणी रडता यावं म्हणून हा तिकडे बघतोय, हे ताईला कळलं. असा भाऊ कुणाला मिळतो, असं तिच्या मनात आलं.

तीन महिन्यांनी, धाकटा बाहेरच्या कामाला गेला असताना, दुकानात त्या दीड वर्षाच्या पोराची आई आली. ताईने ओढणी गालावरून घेतली आणि फोटोंचं पाकीट द्यायला बाहेर आली. बाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"तुमचे फोटो पाहिले हो वाचनालयात," त्या म्हणाल्या. "मला तर रडूच आलं."

"आमच्या स्टुडिओचे?"

"तुमचे. तुम्ही टेबलाशी बसलेल्या आहात ते. पहिलं बक्षीस मिळालंय ना?" ताईचा चेहरा बघून त्या चाचरल्या. "तुम्हाला ठाऊक असेल की."

"हो, हो," ताई म्हणाली. काय बोलतोय ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

दुकान बंद करून ती चालत वाचनालयात गेली. वरच्या मजल्यावरच्या दालनात 'घरचं माणूस' या विषयावरच्या स्पर्धेतले फोटो लावले होते. समोरची अख्खी भिंत तिची होती. एकूण अकरा फोटो. रुमाल ओठांशी धरलेली ती. टेबलावर डोकं टेकून झोपलेली ती, एक डोळा अर्धा उघडा, कारण तो मिटतच नाही. आणि मधोमध, सगळ्यांत मोठा, रडतानाचा. शेजारी धाकट्याचं नाव आणि खाली एक शब्द: बहीण.

क्षणभर तिला वाटलं, समोर आरसा आहे. उतरलेली बाजू नेमकी रोजच्या आरशातल्यासारखीच होती. फोटोत ती दुसऱ्या हाताला दिसायला हवी होती. म्हणजे चित्रं सुलटी केलेली नव्हती, आणि सुलटी करणारी तर ती स्वतःच होती. कबुतरांच्या नावाखाली काय चाललं होतं, ते तिला तिथे उभ्या उभ्या उलगडलं. कुणीतरी तिच्याकडे, मग फोटोकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघितलं.

व्यवस्था बघणाऱ्या बाई चष्मा सावरत पुढे आल्या. त्यांनी तिला ओळखलं, खुर्ची दिली.

"हे फोटो काढा," ताई म्हणाली. "मला विचारलेलं नाही कुणी."

बाई गोंधळल्या. कपाटातून एक फाइल आणून त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. 'माझे फोटो प्रदर्शित करण्यास माझी हरकत नाही.' खाली सही होती. खरीखुरी, तिचीच. तिला तो दिवस आठवला. दुकानाच्या परवान्याचे कागद म्हणून धाकट्याने पाच-सहा पानं पुढ्यात ठेवली होती. "इथे, इथे आणि इथे," असं बोट ठेवून दाखवलं होतं. तिने मान वर न करता सह्या केल्या होत्या. भावाने दिलेला कागद कुणी वाचून बघतं का?

आतापर्यंत तिला राग आला होता, लाज वाटली होती. कागद बघितल्यावर मात्र ती त्याच्यावरची तारीख पुन्हा पुन्हा वाचत राहिली. फोटोंच्या बाबतीत मोहात पडला असं म्हणता आलं असतं. हा कागद तर शांत डोक्याने, तारीख घालून केलेला होता.

"सही माझी आहे," ती म्हणाली. "तरी काढा."

बाईंनी फाइल मिटली आणि शिडी मागवली. अकराही फोटो खाली येईपर्यंत ताई तिथेच बसून राहिली. ओढणी घसरली होती. ती तिने सावरली नाही.

चार वाजता धाकटा स्टुडिओत आला तेव्हा ती पुढच्या खोलीत बसली होती. त्याला वाचनालयातून फोन गेलाच होता.

"ताई, मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "निकाल लागला की सांगू, तुला आनंद होईल, असं वाटलं."

"निकाल लागून आठवडा झाला."

"तू सुंदर दिसतेस त्यात," तो म्हणाला. " लोक थांबून थांबून बघतात. मला वाटलं, एकदा लोकांनी पाहिलं की तुझी भीती जाईल. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो," ताई म्हणाली. "नाही म्हणाले असते."

"मग मी काय करायचं होतं?"

"नसते काढायचे."

तो स्टुलावर बसला. त्याने नेहमीच्या सवयीने खिडकीकडे तोंड वळवलं, तशी ती म्हणाली, "माझ्याकडे बघून बोल." त्याने बघितलं. डोळे लाल झाले होते त्याचे.

"त्या दिवशी मी तुला ते सगळं सांगत होते," ती म्हणाली, "तेव्हा तू ऐकत होतास की उजेड बघत होतास?"

"दोन्ही," तो म्हणाला. खरं बोलला. खोटं बोलला असता तर कदाचित तिला ते सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळे मूळ फोटो तिच्यासमोर पुसले, बक्षीस परत केलं आणि दहादा माफी मागितली. ताईने त्याला वाईटसाईट काही म्हटलं नाही. त्याच आठवड्यात तिने छापखानेवाल्यांना फोन केला. गेली दोन वर्षं ते तिला पुस्तकांतली चित्रं नीट करायला या म्हणून मागे लागले होते. "सोमवारपासून या," ते म्हणाले. "पण बाई, आमच्याकडे वेगळी खोली वगैरे नाही हं. सगळे एकत्रच बसतो."

"चालेल," ती म्हणाली.

रविवारी ती आपलं सामान न्यायला आली. कॉम्प्युटर स्टुडिओचा होता, तो तिने ठेवला. टेबल वडिलांनी तिला शाळेत असताना करून दिलेलं, ते घेतलं. स्टुडिओ पहिल्या मजल्यावर, आणि जिना अरुंद होता. एक बाजू तिने धरली, दुसरी धाकट्याने, आणि दोघं पायरी पायरी उतरू लागली.

"डावीकडे घे," ती म्हणाली. त्याने घेतलं.

"जपून, तिथे खिळा आहे."

"दिसला."

खाली गाडीवाल्याने टेबल चढवून दोरीने बांधलं. धाकटा हात झटकत उभा राहिला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "पुढच्या रविवारी माझ्या घरी येशील जेवायला?"

"बघू," ताई म्हणाली, आणि गाडीवाल्याशेजारी जाऊन बसली.